एकतीस नंबरचा खांब

१

भद्रेश्वर बुढागोहाँइंनी अंगणात मासळीसाठी तळं खोदायला घेतलं, आणि तळ्याला पाणी लागायच्या आधी गॅस लागला.

जेसीबीचं दातेरी तोंड जमिनीत शिरलं, खालून कर्र आवाज आला आणि मागोमाग अशी शिट्टी सुरू झाली की बांबूच्या बनातले बगळे उडाले. यंत्र चालवणारा शहाणा माणूस होता. त्याने इंजिन बंद केलं आणि धूम ठोकली. तिलोक मोरान त्या वेळी मोहरीच्या शेताकडेने निघाला होता. कंपनीची गॅसची लाइन ज्या पट्ट्यातून जाते तो पट्टा रोज पायी तुडवायचा, हे त्याचं काम. शिट्टी ऐकली आणि तो ओरडतच गावात घुसला. "चुली विझवा! वारा येतोय तिकडे पळा, गुरं सोडा, विडी पेटवू नका!"

तो नुसता ओरडला नाही. घराघरात शिरून त्याने चुलींवर पाणी ओतलं. गाँवबुढ्यांच्या, म्हणजे गावच्या पाटलांच्या, म्हाताऱ्या आई पद्मेश्वरी या सगळ्या गावाच्या आइता, म्हणजे आजी. त्यांच्या चुलीवर भात रटरटत होता, त्याच्यावरही त्याने अख्खी बादली उपडी केली. आइतांनी बदक काखेत मारलं आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत त्या सगळ्यांच्या पुढे पळाल्या. लांबच्या ठाण्यावर झडप बंद झाली, शिट्टी थांबली. कोणाच्या केसालाही धक्का लागला नाही. संध्याकाळपर्यंत कंपनीच्या माणसांनी नळीला ठिगळ जोडलं.

माणसं मोजून झाली, गुरं मोजून झाली, मग गावाला दोष कोणाचा हे आठवलं.

दोष उघडा दिसत होता. 'खबरदार, खाली गॅसची लाइन' अशी पिवळी पाटी डोक्यावर घेतलेला एकतीस नंबरचा खांब लाइनीवर उभा असायला हवा. तो होता चांगला पंधरा पावलं लांब, भद्रेश्वरांच्या कुंपणाच्या बाहेर. खांबाच्या दोन्ही अंगांना दहा पावलं खोदायचं नाही असा नियम. भद्रेश्वरांनी बारा सोडली होती.

"नियमापेक्षा दोन जास्तच," ते चारचौघांत सांगत होते. "मला पाटी वाचता येते. जमिनीच्या पोटातलं दिसत नाही."

मग खांब हलवला कोणी? ते कळलं नाही तरी कंपनीचं अडणार नव्हतं. खांब जागेवर आहे अशी सही रोज कोण करतं? तिलोक. मग तिलोकला काढा. चोर सोडून संन्याशाला फाशी. मोठ्या साहेबांनी कागद तयारच ठेवला होता. फक्त सुरक्षा निरीक्षकांनी येऊन पाहायचं आणि सणाच्या आदल्या संध्याकाळपर्यंत सही करायची.

तिलोकला फाशीपेक्षा एक वेगळीच गोष्ट छळत होती. वर्षानुवर्षं तो त्या खांबावरून रोज जात होता. खांब खोटा उभा आहे हे त्याला दिसलं का नाही? आणि आताही, डोळे मिटून शपथ घेतली, तरी खांब त्याला त्याच जागी दिसत होता जिथे तो पहिल्यापासून होता.

२

सुगीचा सण माघ बिहू, त्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे ऐन उरुकेला, निरीक्षक बाई आल्या. हेमप्रभा चेतिया. अंगाने भरभक्कम, मेखला-चादर नेसलेल्या, डोक्यावर पिवळं शिरस्त्राण आणि तोंडात तामोल, म्हणजे ओली सुपारी. गाडीतून उतरल्या त्या थेट तिलोकच्या स्वयंपाकघराच्या दिशेने वास घेत गेल्या. तव्यावर तांदळाच्या पिठाच्या तीळगूळ भरलेल्या गुंडाळ्या भाजत होत्या.

"तिळाचे पिठे?" त्यांनी विचारलं.

"हो बाइदेउ," तिलोकची बायको मालती, मोठ्या बहिणीला म्हणावं तसं, म्हणाली. "पण आमच्याकडचं खाल्लंत तर लोक म्हणतील, लाच घेतली."

"एक खाल्ला तर लाच. चार खाल्ले तर पाहुणचार," असं म्हणून हेमप्रभा बाइदेउंनी पाट ओढला.

ही बाई माझी नोकरी खाणार, आणि तोंडी लावायला माझेच पिठे, असं तिलोकला वाटलं. पण बाई खाता खाता विचारत होत्या, आणि प्रश्न साधे नव्हते.

"खांब कुठे होता, ते पाटी-नंबर सोडून सांग. तुझ्या डोळ्याला कसा दिसायचा?"

"भद्रेश्वर दादांच्या नंगल्यापासून सरळ तीन पावलं बाहेर." नंगला म्हणजे कुंपणाचं दार, भोकं पाडलेल्या दोन खांबांतून आडवे सरकवलेले बांबू. "पहिल्यापासून तसाच. नामघरात देवासमोर उभं राहून सांगेन, बाइदेउ. परवा गॅस सुटला तेव्हाही तीन पावलंच होता."

"आणि लाइन निघाली पंधरा पावलं लांब."

"तेच तर. एक तर मी वेडा, नाही तर लाइन रांगत गेली."

"शेजारचे खांब दिसत नाहीत तिथून?"

"एक बांबूच्या बनाआड, दुसरा नाल्यापलीकडे. लाइन तिथेच वळते, म्हणून तर तिथे एकतीस नंबर रोवलाय."

"बरं, वर्षभरात रजा कधी घेतलीस?"

"माघ बिहूला. दरवर्षी आठवडाभर सासुरवाडीला जातो."

"तेव्हा तुझ्या जागी कोण फिरतं?"

तिलोकने चुलीतलं लाकूड आत सारलं. बिहूला कोण फिरणार? बदली माणूस कागदावर असतो, आणि तोही घरी बदक सोलत बसलेला असतो.

"स्वतःचं घर सोडून बिहूला सासुरवाडी," बाइदेउ मालतीकडे वळल्या. "इथे काय वाईट आहे?"

मालतीने तव्यावरचा पिठा उलथला. "वाईट काही नाही. पण उरुकेला गावातली पोरं घरोघरचं कुंपण चोरतात ना, बिहूच्या पहाटे मेजीची शेकोटी पेटवायला? आमचं इतक्या वर्षांत एक बांबूसुद्धा कोणी नेला नाही. आम्ही कंपनीची माणसं. चोरायलाही माणूस आपला लागतो, बाइदेउ."

ती हसत बोलली, पण तिलोकने मान खाली घातली. भद्रेश्वरांच्या लाइनीवरच्या केळी त्याने उपटल्या होत्या, कोणाचं बांधकाम थांबवलं होतं, कोणाची विहीर हलवली होती. काम बरोबर होतं. तेवढं मात्र खरं, की त्यानंतर कोणी त्याला भेलाघरात, उरुकेच्या रात्री सारं गाव एकत्र जेवतं त्या पेंढ्याच्या मांडवात, जेवायला बोलावलं नव्हतं.

बाइदेउ उठल्या. उपटून आणलेला जुना खांब तिलोकच्या पडवीत आडवा पडला होता: मनगटाएवढा जाड लोखंडी नळ, खांद्याएवढा उंच, वर पाटी, सगळा पिवळा.

"सिमेंट कुठे आहे याच्या बुडाला?"

"ठेकेदाराच्या बिलात," तिलोक म्हणाला.

त्या पहिल्यांदा खळखळून हसल्या. मग वाकल्या आणि हसू तिथेच विरलं. नळाच्या मधल्या भागात दोन जागी रंग गेला होता. खरवडून नव्हे; घासून घासून दोन गोल पट्टे आरशासारखे गुळगुळीत झाले होते, एकमेकांपासून हातभर अंतरावर.

"गाय अंग घासत असेल," तिलोक म्हणाला.

"गाय एका बाजूने घासते. हे चहूबाजूंनी आहे." त्यांनी पट्ट्यावरून अंगठा फिरवला. "तिलोक, हा खांब मधे कुठे तरी नोकरी करून आलाय."

३

भद्रेश्वर बुढागोहाँइंनी बाइदेउंसाठी लाल चहा आणि पितळी बट्ट्यात, म्हणजे पायाच्या तबकात, पान-तामोल मांडलं, आणि तिलोकला दारातच अडवलं.

"हा आत नको. केळीच्या वेळी आला होता तेवढा पुरे."

"माझा माणूस आहे, माझ्याबरोबर येईल," बाइदेउ म्हणाल्या. "त्याला नका देऊ तामोल. मला दोन द्या."

तिलोक किती तरी वर्षांनी त्या अंगणात शिरत होता. समोरच अर्धवट खोदलेलं तळं, त्यात नळीवर नवी माती आणि तिच्यावर सिमेंटात पक्का रोवलेला नवा खांब. तळ्याच्या पलीकडे दोन जुन्या खांबांना दोरी बांधून भद्रेश्वरांच्या सुनेने गामोसे, म्हणजे लाल काठाचे विणलेले पंचे, वाळत घातले होते. तिलोकला उगाच वाटलं की आपण काहीतरी पाहतोय आणि ते आपल्याला दिसत नाही.

"खांब हलवून फायदा कोणाचा?" बाइदेउंनी चहा फुंकत विचारलं. "तुमचाच दिसतो, दादा. तळ्याला जागा झाली."

"म्हणूनच मी हलवला नाही," भद्रेश्वर शांतपणे म्हणाले. "चोरी करणारा माणूस ती आपल्या दारात मांडून ठेवतो का? आणि जीव मला नको झालाय का? जेसीबीपासून चार हातांवर माझी नातवंडं होती. परवापासून माझ्या डोळ्याला डोळा नाही, बाइदेउ."

हे मात्र खरं वाटलं. तिलोकलाही वाटलं, आणि त्याला त्याचा राग आला.

"खांब कधी नाहीसा झालेला पाहिलात?"

भद्रेश्वरांचा चहाचा पेला हवेत थांबला. "पाहिला नाही... म्हणजे, गेल्या बिहूत दोन-चार दिवस नव्हता. मग पुन्हा दिसला. मला वाटलं कंपनीने नव्याने मोजणी केली."

"नव्याने का वाटलं? तीन पावलांवरच तर होता."

"पान घ्या ना," भद्रेश्वर म्हणाले.

एवढा वेळ कंजूषपणे सरकवलेला पानाचा बट्टा त्यांनी एकदम दोन्ही हातांनी पुढे केला. बाइदेउंनी पान घेतलं, उठल्या आणि वाळत घातलेल्या गामोशांकडे पाहत राहिल्या.

"छान विणलेत," त्या म्हणाल्या. "चला तिलोक. खांब उरुकेला गेला आणि बिहूनंतर परत आला. आता पोरांना विचारू."

"ते सांगणार नाहीत," तिलोक म्हणाला. "उरुकेची चोरी कोणी केली, हे विचारायचंच नसतं."

४

पोरांचा म्होरक्या रंटू लाहन भेलाघराच्या छपरावर बसून पेंढ्याने ते शाकारत होता. खाली बायका-पोरं मासे साफ करत होती, आणि शेताच्या मधोमध मेजीचा बांबूचा मनोरा अर्ध्यावर आला होता. हेमप्रभा बाइदेउंनी आधी मेजीपासून लाइन किती लांब आहे ते स्वतः चालून पाहिलं. बरीच लांब होती. मग त्यांनी वर मान केली.

"ए रंटू, गेल्या उरुकेला भद्रेश्वर दादांचं कुंपण कोणी नेलं?"

"कुंपण? कसलं कुंपण?" रंटूने कानावर हात ठेवले. खालची पोरं फिदीफिदी हसली.

"मी तुमच्याच बाजूच्या गावची आहे रे. पोलीस ठाण्यातून नाही आले. पोरगी होते तेव्हा आमच्या मास्तरांचा पाट चोरून मीच मेजीत टाकलाय, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनाच शेकायला बोलावलंय."

हे ऐकल्यावर रंटू उतरून खाली आला. "बाइदेउ, कुंपण आम्ही नेलं. नंगल्याचे आडवे बांबूही नेले. उभे दोन खांब उपटेनात, ते सोडले. पण एकतीस नंबरला आम्ही हात लावला नाही. आईशपथ."

"का नाही लावला?"

"लोखंड जळतं का?" रंटू म्हणाला. "मेजीला घालून करायचं काय? आणि तिलोक खुरा परवा धावले नसते तर आज आम्ही सगळेच मेजीत असतो. त्यांच्या पोटावर पाय येईल असं आम्ही करू का?"

खुरा, म्हणजे काका, हे ऐकून तिलोकने त्याच्याकडे चमकून पाहिलं. रंटूने मान वळवली. असलं काही तोंडावर बोललं की तिथल्या पोरांना मग लाज वाटते.

"लोखंड जळत नाही," बाइदेउ स्वतःशीच म्हणाल्या. "भंगारात विकला असता तर परत आला नसता. म्हणजे कोणाला तरी चार दिवसांपुरता एक मजबूत दांडा हवा होता. उरुकेच्या चार दिवसांत, लाकूड चालणार नाही असं काय काम असतं?"

गाँवबुढ्यांच्या घराकडून आवाज येत होता. धक्. धक्. धक्. सकाळपासून येतच होता. सगळ्या गावाच्या कानाला त्याची इतकी सवय होती की तो कोणाला ऐकू येत नव्हता.

बाइदेउंनी तोंडातलं तामोल थुंकलं. "मी पण किती ढ," त्या म्हणाल्या, आणि आवाजाच्या रोखाने चालू लागल्या.

५

गाँवबुढ्यांच्या मागच्या पडवीत गावाची मोठी ढेकी होती. गावातल्या बऱ्याच बायका बिहूचं तांदळाचं पीठ तिथेच कुटत. लांबलचक लाकडी तुळई, एका टोकाला मुसळ, दुसऱ्या टोकावर पाय द्यायचा. तुळईच्या भोकातून आडवा दांडा गेलेला, आणि तो दोन बाजूंच्या दोन खुंट्यांवर टेकलेला. पाय दिला की त्या दांड्यावर सगळी ढेकी झुलायची.

पद्मेश्वरी आइता बाजूला बसून पीठ चाळत होत्या. तिलोकला पाहताच म्हणाल्या, "आला भात बुडवणारा. आज पाणी कुठे ओततोस?"

"आइता, मला देता का जरा पाय मारायला?" हेमप्रभा बाइदेउंनी विचारलं.

"कंपनीवाल्यांना ढेकी येते?"

"पाय विसरत नाहीत."

बायकांनी हसत जागा दिली. बाइदेउंनी शिरस्त्राण तिलोकच्या हातात दिलं, चादर खोचली आणि चांगले दहा-वीस ठोके मारले. मग त्या थांबल्या आणि वाकून तुळईच्या भोकात बोट घातलं. बोट बाहेर आलं तेव्हा त्याला पिवळ्या रंगाचे कण चिकटले होते.

पडवीतलं हसू अचानक बंद झालं.

"दांडा नवा दिसतो," बाइदेउ म्हणाल्या. "दोन खुंट्यांत अंतर हातभर. आइता, गेल्या वर्षी जुना दांडा कधी मोडला?"

एकीने दुसरीकडे पाहिलं, दुसरीने सुपाकडे. आइतांनी चाळणी खाली ठेवली. तिलोकला वाटलं, आता ही म्हातारी कानशिलात लगावणार. पण त्यांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. त्या हसत होत्या.

"उरुकेच्या सकाळी मोडला," त्या म्हणाल्या. "सगळ्या गावाचे तांदूळ भिजलेले. पुरुषांना सांगितलं, दांडा करून द्या. ते म्हणाले, पाहू. सुतार भेलाघरावर, पोरं बांबू चोरायला. पाहू, पाहू करत दुपार झाली. मग आम्हीच पाहिलं. चौघी गेलो. खांब काय, मुळ्यासारखा निघाला."

"आणि कोणाला कळलं नाही?"

"पुरुषांना? ढेकीकडे पुरुष कधी बघतो का? त्यांना फक्त पिठा दिसतो." आइतांनी पदराने डोळे पुसले. "आणि पोरांनी चोरलं तर रीत, आम्ही चोरलं तर चोरी, असं का? वर्षभर आम्ही हसतोय गं. पण परवा गॅस सुटला तेव्हापासून हसू गेलं. या तिलोकवर बालंट आलंय हे ऐकून मी आज तुझ्याकडे येणारच होते. विचार हवं तर."

"हो," एक सून म्हणाली, "पिठे झाल्यावर जाणार होतो."

"परत कधी लावलात?"

"बिहू आटपल्यावर, पहाटे. बरोबर नेऊन लावला बाई, विटांचे तुकडे ठोकून. जिथला तिथे."

"जुन्या खड्ड्यात?"

"खड्डा सापडला नाही. धुकं होतं, आणि भद्रेश्वरने कुंपण नवं घातलेलं. पण खांब कुठे असतो ते शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्याच्या नंगल्यापासून तीन पावलं. मी स्वतः मोजली."

"मीही तेच सांगतोय!" तिलोक ओरडला. "तीन पावलं! मग पंधरा आली कुठून?"

हेमप्रभा बाइदेउंनी शिरस्त्राण परत डोक्यावर ठेवलं. त्यांच्या गालांना पीठ लागलं होतं आणि डोळे चमकत होते.

"तू खरं बोलतोस, आइताही खरं बोलतात. म्हणजे खांब तुमच्या समजुतीने हललाच नाही," त्या म्हणाल्या. "चला, काय हललं ते बघू. आइता, तुम्हीही चला. पिठे घेऊन चला."

६

भद्रेश्वरांच्या अंगणात निम्मं गाव जमलं. बाइदेउंनी तिलोकला तळ्यापलीकडे, गामोसे वाळत घातले होते त्या दोन जुन्या खांबांच्या मधे उभं केलं.

"गामोसे काढ आणि खांबांना हात लावून बघ."

तिलोकने गामोसे बाजूला केले. दोन्ही खांबांना एकाखाली एक तीन गोल भोकं होती, कडा घासून गुळगुळीत झालेल्या. कपडे वाळत घालायच्या खांबाला कोणी भोकं पाडत नाही.

"नंगल्याचे खांब," तो पुटपुटला. "हे तर... हे पोरांना उपटता आले नव्हते ते."

"आता कुंपणाकडे तोंड कर आणि तीन पावलं चाल."

तिलोक चालला. एक. दोन. तिसऱ्या पावलाला तो तळ्याच्या काठावर, सिमेंटात रोवलेल्या नव्या खांबाला नाक लागेल इतका जवळ उभा होता. खाली नव्या मातीत ठिगळ लावलेली नळी झोपली होती.

हातच्या कांकणाला आरसा कशाला? गावाच्या माना एकामागून एक भद्रेश्वरांकडे वळल्या.

"पोरांनी कुंपण नेलं. नवं घालताना तुम्ही ते पुढे सरकवलंत, दादा," बाइदेउ म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "त्या दिवशी खांब ढेकीत होता, अडवायला कोणी नव्हतं. तिलोक सासुरवाडीला. नवा नंगला बाहेर गेला, आणि आइतांनी खांब आणून त्याच्यापासून तीन पावलांवर इमानदारीने रोवला. तिलोक परत आला. दर माघात कुंपण जातं, दर माघात नवं येतं, त्यात त्याला काय नवल? नंगल्यापासून तीन पावलं, झाली खात्री. वर्षभर खांब सगळ्यांनी पाहिला. जमीन कोणी पाहिली नाही."

भद्रेश्वर खाली बसले. "केळी लावायला थोडी जागा हवी होती," ते म्हणाले. "खांब बाहेर उभा दिसला तेव्हा मनात आलं होतं, की लाइन तर आत असायला हवी. पण वाटलं, कंपनीची पाटी खोटी कशी असेल? विचारलं असतं तर कुंपण मागे घ्यावं लागलं असतं. म्हणून विचारलं नाही. नातवंडांच्या अंगावर आलं तेव्हा कळलं, मी काय विचारलं नाही ते."

"आणि मी?" तिलोक म्हणाला. त्याला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण आवाज जड झाला. "मीही नंगलाच पाहिला, बाइदेउ. इतकी वर्षं चालतोय, एकदा मान वळवून बनापासून अंतर पाहिलं असतं तरी पुरे होतं. सही तर मीच करत होतो."

"हो, तुझंही चुकलं. ते मी लिहिणार. पण तुझ्या आधी तिघांचं लिहिणार: बुडाला सिमेंट न घालणाऱ्या ठेकेदाराचं, बिल पास करणाऱ्याचं, आणि बिहूला बदली माणूस न पाठवणाऱ्या आमच्या ऑफिसचं. मोठ्या साहेबांना तुला काढायचं असेल तर आधी त्या तिघांना काढावं लागेल, आणि त्यातला एक ते स्वतः आहेत." त्यांनी साहेबांचा तयार कागद बटव्यातून काढला, त्यात उरलेले पिठे गुंडाळले आणि पुडी पुन्हा बटव्यात टाकली. "शिवाय असंही लिहिणार, की गॅस सुटल्यावर एका माणसाने सगळ्या गावाच्या चुली विझवल्या. अशा माणसाला काढणारी कंपनी मला अजून भेटायची आहे."

मालतीने तोंडाला पदर लावला. आइता म्हणाल्या, "माझा भात पण लिही."

"कुंपण मागे घ्या, दादा," बाइदेउंनी भद्रेश्वरांना बजावलं. "लाइनीचा पट्टा मोकळा पाहिजे."

"घेतो ना. बिहू होऊ दे, माणसं मिळू देत, पाहू," भद्रेश्वर म्हणाले. पश्चात्ताप खरा होता, पण बांबूही नवे होते.

रंटूने आभाळाकडे पाहिलं. इतर पोरांनीही आभाळाकडे पाहिलं. तिथे पाहण्यासारखं काही नव्हतं. हेमप्रभा बाइदेउंनीही जरा वर पाहिलं आणि म्हणाल्या, "आज उरुका आहे, नाही का? मग मी लवकर निघते. मला काही दिसायला नको."

जाता जाता आइतांनी मालतीचं मनगट धरलं. "गेल्या वर्षी तू असतीस तर पाचवी तूच असतीस. खांब जड होता. बिहूला माहेरी कसली पळतेस? आज भेलाघरात या, दोघं. बदक परवा वाचलंय, ते खाऊ."

७

पहाटे तिलोक मेजीला जायला उठला. धुकं होतं, गार पाण्याने अंघोळ करून दात वाजत होते. तो दाराबाहेर आला आणि सवयीने नंगल्याचा वरचा बांबू सरकवायला हात पुढे केला. हात हवेत गेला.

नंगला नव्हता. बांबू नव्हते, बाजूचं कुंपणही नव्हतं. पार रस्त्यापर्यंत अंगण उघडं पडलं होतं.

"मालती," त्याने हाक मारली. आवाज भलताच निघाला, म्हणून ती धावत आली. तिने पाहिलं, आणि ओल्या केसांनिशी उंबऱ्यावर बसून पोट धरून हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तिलोकच्याही.

मेजी पेटली होती. गाव शेकत होतं. भद्रेश्वर बुढागोहाँइंचं अख्खं नवं कुंपण ज्वाळांत तडतडत होतं, आणि ते स्वतः पुढे उभे राहून, रीत म्हणून, हात शेकत होते.

"या वर्षी मेजी मोठी झाली," ते तिलोकला म्हणाले.

"झाली खरी."

"कुंपण नवंच घालावं लागणार. जुन्या जागी घालतो. तू येशील मोजायला?"

"येतो. दोन्ही बाजूंनी मोजू," तिलोक म्हणाला.

लांब, धुक्यातून, सिमेंटात उभा असलेला नवा एकतीस नंबर अंधुक दिसत होता. तिलोकने एकदा बनापासूनचं अंतर नजरेने पाहिलं, एकदा नाल्यापासूनचं. मग तो मेजीकडे वळला. जळत्या ढिगाच्या एका कडेला पिवळ्या रंगाचा बांबू होता. गेल्या पावसाळ्यात कंपनीचा उरलेला रंग त्याने आपल्या नंगल्याला लावला होता.

"तिलोक खुरा," रंटू शेजारी येऊन म्हणाला, चेहरा अगदी साळसूद, "कोणाचा तरी बांबू फार ओला होता. पेटता पेटेना."

उरुकेची चोरी कोणी केली हे विचारायचं नसतं. तिलोकने विचारलं नाही. त्याने दोन्ही हात पुढे केले आणि आपल्या बांबूवर शेकून घेतले.